सरोवरावरचा बाण

वेस पेल्कोलाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि त्याच्या धंद्यात तो परवडलाही नसता. काउंटीच्या ९११च्या, म्हणजे संकटात सापडलेल्यांचे फोन घेणाऱ्या, खोलीत एखादी गोष्ट ‘आपोआप’ होते असं कुणी म्हणालं, की कुठेतरी वायर सैल झाली आहे, नाहीतर कुणीतरी कॉफीचा मग कीबोर्डवर टेकवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ऑक्टोबरात तीन नंबरच्या टेबलावरच्या स्क्रीनमधला माऊसचा बाण आपोआप सरकतो अशी तक्रार आली, तेव्हा हातातलं काम टाकून त्याने जायला हवं होतं. तो गेलाही, पण नुसता बघायला. दुरुस्त करायला गेला नाही.

त्या खोलीत कॉम्प्युटर नव्हतेच. ते सगळे तळघरात, कुलपाआड, गार हवेत. वर टेबलांवर फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माऊस, हेडसेट आणि टेबलाच्या पोटाला चिकटवलेली एक काळी डबी. ही डबी खालच्या कॉम्प्युटरचं चित्र आणि आवाज वर आणायची आणि वरच्या हाताची हालचाल आणि हेडसेटमध्ये बोललेलं खाली पोचवायची. मधे नेटवर्कची वायर. ती वायर एका जिन्याएवढी असो की एका जंगलाएवढी, डबीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एकाच कॉम्प्युटरला दोन डब्या जोडल्या तर दोन ठिकाणी एकच चित्र दिसायचं, एकच आवाज ऐकू यायचा, आणि बाणही एकच. ज्याचा हात हलेल त्याचं तो ऐकणार. नवीन पोरं शिकवताना हे फार बरं पडायचं. पोर एका टेबलावर, शिकवणारी दुसऱ्या टेबलावर, आणि पोर चुकायला लागलं की शिकवणारी तिथूनच बाण ओढून घ्यायची. तीन नंबरचा कॉम्प्युटर असा सामायिक ठेवलेला होता, कारण शिकवणारी तीन नंबरची होती. ती वेसची थोरली बहीण, लिनेट.

लिनेटने त्या खोलीला एक वळण लावलं होतं. कॉल नसेल तेव्हा बाण स्क्रीनवरच्या नकाशात कुठेही टाकून द्यायचा नाही. वर उत्तरेला न्यायचा आणि सरोवराच्या निळ्यावर ठेवायचा. “घरांवर ठेवू नका रे,” ती नव्या पोरांना सांगायची, “घरांत माणसं असतात. चुकून बोट पडलं तर अँब्युलन्स त्यांच्या दारात. सुपीरियर सरोवराच्या मधोमध कुणी राहत नाही. तिथे काय पडायचं ते पडू दे.” पोरं आधी हसायची, मग सवय व्हायची, आणि मग घरी जेवताना मिठाची बाटलीसुद्धा टेबलाच्या वरच्या कोपऱ्यात सरकवायची. गेल्या हिवाळ्यात तिचं दुखणं बळावलं. वेसने शेरिफची परवानगी काढली आणि तिच्या घरी, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेजारच्या मागच्या खोलीत, एक डबी बसवून दिली. लिनेट गोधडी पांघरून तिथे बसायची आणि पोरांच्या चुका घरबसल्या दुरुस्त करायची. मे महिन्यात ती गेली.

त्यानंतर पॅट्रिसने, म्हणजे खोलीच्या मुख्य बाईने, वेसला विचारलं होतं, “घरची डबी आणलीस ना रे?” आणि वेस म्हणाला होता, “आणली.” आणली नव्हती. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत तो त्या घराच्या रस्त्यालाच जाईना. लिनेटच्या चपला दाराशी असतील, तिचा कोट खुंटीला असेल, आणि रेनो, तिचा नवरा, काहीतरी बोलेल. नाहीतर काहीच बोलणार नाही. यातलं कुठलंच त्याला झेपणार नव्हतं. नियम साधा होता. माणूस गेलं की त्याची डबी काढून आणायची आणि जोडणी पुसायची. हा नियम वेसनेच केला होता आणि दुसऱ्यांना तो नाकाने कांदे सोलत ऐकवायचाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन नंबरवर डानिका लाबेल आली. तेविशीची पोर, बोलायला फटकळ, हाताने झपाझप. उन्हाळाभर ते टेबल रिकामंच होतं. काही दिवसांतच तिने तक्रार केली. कॉल संपला, हात माऊसवरून काढला, की थोड्या वेळाने बाण हळूच हलतो. वर जातो. मधे जरा थांबतो, जिना चढणारं माणूस थांबावं तसा. मग पुन्हा निघतो आणि सरोवरावर जाऊन उभा राहतो. रोज त्याच जागी, दीपगृहाच्या जरा पुढे.

खोलीतली जुनी माणसं हे ऐकून एकमेकांकडे बघायला लागली. ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. डानिकाने लिनेटला कधी पाहिलंही नव्हतं, त्यामुळे ती काही नाटक करत असेल असं म्हणायलाही जागा नव्हती. एकदोघांची तर पाचावर धारण बसली; तीन नंबरवर बसायची पाळी आली की त्यांची पाठ दुखायला लागायची. एकीने वेलदोड्याचा पाव आणून त्या टेबलावर ठेवला आणि कुणी विचारलं तर म्हणे, उरला होता. डानिका मात्र टेबल सोडून गेली नाही. आधी घाबरली, मग सरावली, आणि पुढे तर रोज सकाळी हेडसेट चढवून म्हणायला लागली, “गुड मॉर्निंग, लिनेट.”

आणि वेस काही ना काही निमित्त काढून वर यायचा. कधी स्क्रू घट्ट करायचा, कधी उगाच वायर पुसायची. डानिकाच्या मागे उभा राहून तो वाट बघायचा. बाण निघाला, मधे थांबला, सरोवरावर पोचला, की त्याच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं, आणि तो दिवस त्याला बरा जायचा. डबी उघडून बघणं त्याच्या हातात होतं. तळघरात जाऊन तीन नंबरला कोण कोण जोडलेलं आहे हे बघणं तर त्याहून सोपं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मूर्खपणावर हसलेला हा माणूस, पण या एका जिन्यावरून खाली उतरायला त्याचे पाय तयार नव्हते. खाली गेलं की कळणार, आणि कळलं की संपणार.

मग नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली, त्या आठवड्यातल्या मंगळवारी व्हायचं ते झालं. म्हाताऱ्या ऑर्व्हिलचा फोन आला. छातीत कळ, हात जड. डानिकाने त्याचं घर नकाशावर शोधलं, बाण छपरावर ठेवला आणि माऊसवरचा हात काढून घेतला, कारण ऑर्व्हिल काय बोलतो ते नीट ऐकू येत नव्हतं आणि तिला हेडसेट दोन्ही हातांनी कानाशी दाबायचा होता. “दार उघडं ठेवा, खाली बसा, गोळी चावून खा,” असं सांगत तिने न बघता हात परत माऊसवर टाकला आणि बटण दाबलं. तोवर बाण सरोवराकडे निघालेला होता. खूण पडली ती होड्या उतरवतात त्या धक्क्याच्या रस्त्यावर. अँब्युलन्स तिकडे गेली, रिकाम्या पाण्याकडे बघून परत फिरली, आणि ऑर्व्हिलकडे पोचली तेव्हा तो निळा पडला होता. शेजारच्या शिकाऱ्याने त्याची छाती दाबत ठेवली होती म्हणून तो वाचला. आता मार्केट शहरातल्या इस्पितळात होता, बोलत होता, पण एका बाजूचा हात उचलता येत नव्हता.

गुरुवारी सकाळी पॅट्रिसने वेसला बोलावलं. तीन नंबरच्या टेबलावर तिने कुणाला बसू दिलं नव्हतं.

“पोरगी म्हणते बाण सरकला,” पॅट्रिस म्हणाली. “सगळी बाजू घेतात तिची. लिनेटने केलं म्हणे. लिनेटने! जिने आयुष्यात एक गाडी चुकीच्या दारात पाठवली नाही तिने.”

“डानिका हुशार आहे,” वेस म्हणाला.

“हुशार आहे, पण अजून कच्ची आहे. आणि न बघता बोट दाबते. उद्या शेरिफसमोर बसायचंय आम्हाला. तू एवढंच सांग की यंत्रात खोट नाही. मग मी तिला घरी पाठवायला मोकळी. भूत आडवं आलं असं मी शेरिफला सांगू?”

“मी एकदा बघतो.”

“आता बघणार? महिनाभर त्या टेबलाभोवती घिरट्या घालतोयस, मग काय बघत होतास?”

वेस बाहेर निघाला. बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी डानिका मांस-बटाटा भरलेली पेस्टी कोरडीच चावत उभी होती. सॉससुद्धा घेतला नव्हता. डोळे सुजलेले.

“तुम्ही तरी बघितलंय ना,” ती म्हणाली. “तुम्ही मागे उभे असायचात. तुमच्यासमोर सरकलाय तो. उद्या एवढं सांगा त्यांना. लिनेट होती असं म्हणू नका हवं तर. पण सरकलाय, एवढं तरी सांगाल?”

“सांगतो,” वेस म्हणाला, आणि त्याला स्वतःची किळस आली. कारण याच्या पुढचंही तो सांगू शकत होता. निदान अंदाज तरी करू शकत होता. तो अंदाज त्याला मंगळवारपासूनच होता.

तो तळघरात गेला. तीन नंबरच्या कॉम्प्युटरला दोन डब्या जोडलेल्या होत्या. एक वरची. दुसरी कुठली ते बघायला त्याला चष्मा लावावा लागला नाही. तिथूनच एका बटणात ती तोडता आली असती. वेसने बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि गाडीची किल्ली उचलली.

रेनो टर्वोचं सगळं आयुष्य वीज कंपनीच्या खांबांवर चढण्यात गेलं होतं. दार उघडून त्याने वेसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“रस्ता सापडला म्हणायचा.”

“बर्फ होतं रे मधे.”

“जूनमध्येसुद्धा?”

वेस हसला नाही. कोट खुंटीला होता, त्याला वाटलं होतं तसाच. चपला मात्र नव्हत्या, आणि त्या नाहीत हेच त्याला जास्त लागलं. रेनो बाजूला झाला, आणि वेस सरळ मागच्या खोलीत गेला.

पडदा ओढलेला होता. स्क्रीन चालू होता. खुर्चीच्या पाठीवर लिनेटची गोधडी घडी करून ठेवली होती. हेडसेट खिळ्याला टांगलेला, आणि त्यातून ९११च्या खोलीची दूरची कुजबुज झिरपत होती; शब्द कळत नव्हते, नुसती माणसं असल्याचं कळत होतं. नकाशावर बाण दीपगृहाच्या जरा पुढे, निळ्यावर उभा होता. वेस खुर्चीच्या मागेच थांबला. पुढे जायचं त्याच्याने होईना.

“कॉल ऐकत नाही मी,” रेनो दारातून म्हणाला. “लोकांची दुखणी ऐकून मला काय करायचंय? आवाज इतका लहान ठेवतो की नुसती बडबड राहते. या घराच्या भिंतीमागे ही बडबड नेहमीच होती. ती बंद झाली असती तर मी इथे राहिलो नसतो.”

“तू मला सांगायचंस की डबी चालू आहे.”

“तुला सांगायचं?” रेनोने भुवया वर केल्या. “मला वाटलं तू मुद्दाम ठेवलीस. म्हटलं, याला तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून हे ठेवून गेलाय. चांगलं केलं पोराने, असं म्हणत होतो मी.”

वेसला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला एकच खुर्ची होती आणि ती तिची होती.

“तूच हलवतोस बाण,” तो म्हणाला.

“मग काय उंदीर हलवतात? ऐक. ती गेली त्या दिवशी तो जिथे ठेवून गेली, तिथेच होता. उन्हाळाभर तिथेच. मी स्क्रीनवरची धूळ पुसायचो, पण माऊसला बोट लावलं नाही. आणि ऑक्टोबरात एका सकाळी हा स्वतःहून हलला.” रेनोने जमिनीकडे बोट दाखवलं. “मी इथे, या जमिनीवर बसलो, वेस. दुपारपर्यंत उठलो नाही.”

“डानिका होती ती. नवीन पोरगी.”

“संध्याकाळपर्यंत कळलं मलाही. जन्म वायरींत गेलाय, मी काही खुळा नाही. हात लिनेटचा नव्हता तो, फार घाई त्याला. पण ती पोर बाण लोकांच्या छपरांवर टाकून उठायची. ते मला बघवेना. म्हणून मी उचलून सरोवरावर न्यायचो. गुडघ्यासारखाच हातही मधे अडकतो माझा, पण न्यायचो. लिनेटचंच काम ना ते? कुणीतरी करायला हवं होतं. आणि पुढच्या आठवड्यात, एका सकाळी हेडसेट पुसताना कानाजवळ आला आणि स्पष्ट ऐकू आलं. ‘गुड मॉर्निंग, लिनेट.’ मग रोजच. रोज सकाळी कुणीतरी माझ्या बायकोला नाव घेऊन हाक मारतंय, वेस. तूच सांग, मी ते कसं बंद करणार होतो?”

वेसला ते ऐकवेना. ती पोरगी बाण हलतो म्हणून हाक मारत होती, आणि हा माणूस हाक येते म्हणून बाण हलवत होता. दोघं एकमेकांचं भूत झाले होते. आणि मधे तो स्वतः, डबी न काढलेला, त्या दोघांच्या मधल्या वायरीवर मजेत झोका घेत बसलेला.

“मंगळवारी दुपारी,” तो म्हणाला, “संध्याकाळ व्हायच्या आधी. तेव्हा हलवलास?”

“हलवला असेन. दिवसभर हलवतो. का?”

वेसने सांगितलं. ऑर्व्हिलचं नाव आलं तेव्हा रेनोने दाराची चौकट धरली. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर मासे धरताना ऑर्व्हिल आणि रेनो एकाच झोपडीत बसायचे. वेसने ऑर्व्हिलच्या न उचलणाऱ्या हातापर्यंत सगळं सांगितलं, कारण मधे थांबून उपयोग नव्हता. रेनोने आपला उजवा पंजा उलटसुलट करून बघितला.

“आणि तुम्हाला तिकडे ठाऊक होतं की बाण सरकतो,” तो शेवटी म्हणाला.

“सगळ्यांना. महिनाभर.”

“तुला?”

“मलाही.”

“या डब्या तू बसवल्यास. कुठली कुठे जोडली तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. बाण आपोआप सरकतो म्हणून कुणी दुसरं म्हणालं असतं तर तू त्याची टर उडवली असतीस.” रेनोचा आवाज चढला नाही. “मग महिनाभर तुला काय वाटलं, कोण आहे?”

वेसने नजर स्क्रीनकडे वळवली. त्याच वेळी स्क्रीनवर बाण हलला.

रेनो दारात होता. वेसचे हात खिशात होते. माऊस गोधडीशेजारी तसाच पडलेला. आणि बाण सरोवरावरून उतरून दक्षिणेला यायला लागला, घाईघाईने, गावात शिरला, काउंटीच्या इमारतीच्या छपरावर येऊन थांबला. तीन नंबरवर बसायला बंदी होती. तिथे कुणी बसणार नव्हतं. वेसला हे सगळं कसं चालतं ते स्क्रूपर्यंत माहीत होतं, तरी त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती तिची खोली होती, तिचा स्क्रीन होता, तिची गोधडी होती.

खिळ्यावरच्या हेडसेटमधून बारीक आवाज आला. रेनोने पुढे होऊन आवाज वाढवला. डानिका होती. हळू बोलत होती, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये म्हणून.

“लिनेट, आहेस का? ड्रॉवर रिकामा करायला पाठवलंय मला. मंगळवारी बाण तू नेलास ना? रागावले नाही मी. फक्त एवढं सांग, मी वेडी नाही ना? नेहमीसारखा नेऊन ठेव, म्हणजे कळेल मला.”

बाण छपरावर थांबलेला. ती तिकडे हात मांडीवर ठेवून बघत बसली असणार.

वेसचा हात खिशातून कधी निघाला ते त्याला कळलं नाही. माऊस गार होता. त्याने बाण उचलला, वर नेला, आणि अर्ध्या वाटेवर थांबवला, अगदी जसा महिनाभर थांबताना बघितला होता तसा. मग पुढे नेऊन दीपगृहाच्या जरा पलीकडे ठेवला.

“थँक्यू,” हेडसेटमधून आवाज आला. पोरगी रडत होती. “थँक्यू, लिनेट.”

वेसने हात मागे घेतला. विस्तव धरल्यासारखा तो पंजा त्याने छातीशी घेतला.

“कळलं आता?” रेनो म्हणाला. “हातून कसं होऊन जातं ते?”

“कळलं.”

“उद्या ती पोर शेरिफसमोर हेच सांगणार. म्हणजे नोकरी तर जाणारच, वर गावभर खुळी ठरणार. काढ ती वायर.”

वेस खाली वाकला. डबीची वायर कुठे जाते, कुठला चाप दाबून निघते, सगळं त्यानेच केलेलं. त्याने चाप दाबला. ओढायची तेवढी राहिली होती. हेडसेटमध्ये कुणीतरी हसलं, कुणाचा तरी फोन वाजला, रोजची खोली, रोजची बडबड, आणि यातून ती आत्ता बोलेल, ‘घरांवर ठेवू नका रे’ म्हणेल, असं वाटण्याइतकी ओळखीची. त्याची बोटं उघडेनात की मिटेनात.

“मला नाही जमत,” तो म्हणाला.

“सरक,” रेनो म्हणाला. तो कण्हत गुडघ्यांवर बसला, वेसची बोटं एकेक करून बाजूला केली आणि वायर उपटून काढली.

स्क्रीन काळा झाला. कुजबुज थांबली. घरात इतकी शांतता वेसने कधी ऐकली नव्हती. लिनेट असताना ती नव्हती, आणि तिच्या मागेही बडबड चालू राहिल्यामुळे नव्हती, हे आता कळत होतं. दोघं जमिनीवरच बसून राहिले. थोड्या वेळाने वेसने फोन काढला आणि तीन नंबरच्या टेबलावर लावला.

“डानिका, मी वेस. पॅट्रिस आहे का तिथे? स्पीकरवर टाक.”

“आहे मी,” पॅट्रिसचा आवाज आला. “सापडली का खोट?”

“सापडली. लिनेटच्या घरची डबी अजून जोडलेली होती. बाण इथून सरकत होता. मंगळवारीही इथूनच सरकला. डानिकाने बाण बरोबर घरावर ठेवला होता.”

पॅट्रिस म्हणाली, “ती डबी तू मे महिन्यात आणलीस. मला सांगितलंस तू.”

“खोटं सांगितलं.”

“वेस, नोकरी जाईल तुझी. तेवढ्यावर सुटलास तरी नशीब समज. कळतंय ना काय बोलतोयस?”

“कळतंय. उद्या शेरिफसमोर मी येतो. तिला काही बोलू नका.”

“आणि सरकवत कोण होतं?”

“ते माझ्या—”

“मी,” रेनो फोनकडे वाकून म्हणाला. “रेनो टर्वो. हात माझा होता, पॅट्रिस. हा काहीबाही सांगेल, त्याचं ऐकू नकोस. मी उद्या येतो, आणि आज ऑर्व्हिलकडे जातो. त्याला माझ्याच तोंडून कळू दे.”

पॅट्रिस काहीतरी पुटपुटली आणि तिच्या खुर्चीचा आवाज झाला. उठून गेली असावी. फोन चालूच होता. डानिकाचा श्वास ऐकू येत होता.

“म्हणजे मी वेडी नव्हते,” ती म्हणाली.

“नव्हतीस. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ कर.”

“आणि आत्ता? आत्ता मी विचारलं तेव्हा?”

“आत्ता मी होतो.”

वेसला वाटलं, आता ती फोन ठेवणार. पण तिने लहान मुलासारखं विचारलं, “म्हणजे ती कधीच नव्हती? एकदाही नाही?”

वेसने काळ्या स्क्रीनकडे बघितलं. त्यात तो आणि रेनो अंधुक दिसत होते, दोन जाडजूड म्हातारे जमिनीवर बसलेले.

“नाही,” तो म्हणाला. “लिनेट मेली, डानिका. मे महिन्यात मेली.”

बहीण गेल्यापासून हे वाक्य त्याने एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आता काढलं, आणि त्याला रडू आवरेना. रेनोने त्याच्या हातातून फोन घेतला, “थोड्या वेळाने करतो हं, पोरी,” असं डानिकाला सांगितलं, आणि चौकटीचा आधार घेत उठून कॉफी ठेवायला गेला.